किराण्याची बचत: आधी साठा, मग कूपन

कूपनं जमवणाऱ्या बऱ्याच घरांत महिनाअखेरीला किराण्याचा खर्च होता तेवढाच राहतो, कधी कधी वाढलेलाही दिसतो. यात नवल काही नाही. कूपन ज्या वस्तूवर आणि ज्या दिवशी चालतं, नेमकी तीच वस्तू त्याच दिवशी घरात संपलेली असेल, असा योग क्वचितच येतो. मग एक तर कूपन वाया जातं, नाही तर नको असलेली वस्तू पिशवीत येते.

हा मेळ घालून देतो तो घरातला साठा. तेलाची बाटली रिकामी झाली असेल तर दुकानात जो भाव असेल तो मुकाट्याने मोजावा लागतो. घरात अजून दोन बाटल्या असतील तर भाव उतरेपर्यंत खुशाल थांबता येतं. किराण्यातली मोठी बचत या थांबण्यातून होते, कूपन हा त्यावरचा वरकड फायदा. म्हणून इथे सुरुवात कपाटापासून केली आहे. कूपनांची पाळी बरीच नंतर येईल.

पायरी १: कपाट तळापर्यंत रिकामं करा

एका निवांत दुपारी डबे, बरण्या, पाकिटं, फ्रीझरच्या कोपऱ्यात रुतून बसलेल्या पिशव्या असं सगळं बाहेर काढून मांडा. नुसतं डोकावून यादी केली तर मागच्या रांगेतलं काहीच तिच्यात येत नाही, आणि पैसे नेमके मागच्या रांगेतच अडकलेले असतात. कागदावर तीन रकाने पुरेत: वस्तू, अंदाजे किती, पाकिटावरची तारीख.

तारखा वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव, वास, कुरकुरीतपणा यांच्याबद्दल असते. नीट ठेवलेली कोरडी वस्तू ही तारीख उलटली म्हणून त्याच दिवशी खराब होत नाही, वास आणि चव पाहून ठरवता येतं. ‘यूज बाय’ मात्र दूध, मांस, मासे अशा लवकर नासणाऱ्या वस्तूंवर असते आणि तिचा संबंध सुरक्षिततेशी असतो. तिथे नाकावर भरवसा ठेवू नये, कारण आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही.

यादी झाली की ज्यांची तारीख जवळ आली आहे त्या आणि अर्धवट उघडलेल्या वस्तू एका टोपलीत काढून डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवा. टोपलीवर चिठ्ठी लावा: ‘आधी हे संपवा’. पुढचे दोन आठवडे भाजी, फळं, दूध असं ताजं सामान तेवढं आणायचं. बाकीचं जेवण या टोपलीतून आणि कपाटातून. त्या दोन आठवड्यांत किराण्याचे जे पैसे शिल्लक राहतील ते बाजूला काढून ठेवा. साठा करायला वेगळे पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. क्रेडिट कार्डावर उधारी करून साठा करू नका. सवलतीत मिळालेलं व्याजात जातं, वर हप्ता मागे लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली काढलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं मिळून जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. फेकलेल्या पाकिटावर मिळालेली सूट कुठल्या खात्यात धरायची?

पायरी २: कोणती वस्तू किती दिवस पुरते

आपल्या घरात साखर किती दिवस जाते, असं विचारलं की माणूस ठोकून देतो, ‘महिनाभर’. खरा आकडा काढायला एक काळा मार्कर पुरतो. पाकीट उघडलं की त्यावर तारीख लिहायची, संपलं की पाकीट फेकण्याआधी मधले दिवस मोजून यादीत टाकायचे. दोन-तीन महिन्यांत रोजच्या बहुतेक वस्तूंचा खप कळतो. पाहुणे, सुट्ट्या, आजारपण यांमुळे आकडा थोडा हलतो, पण तेवढी अचूकता पुरे.

घरात एकाहून जास्त माणसं स्वयंपाक करत असतील तर मार्कर कपाटाच्या दारालाच दोरीने बांधून टाका. नाही तर तो सापडत नाही आणि दुसऱ्या आठवड्यातच हा प्रकार बंद पडतो.

पायरी ३: भावांची वही

सगळी मदार इथे आहे. वही असो, फोनमधली नोंद असो, की संगणकावरचा तक्ता, ज्या पंधरा-वीस वस्तूंवर तुमचे सर्वांत जास्त पैसे जातात त्यांचीच नोंद ठेवा. पन्नास वस्तूंची वही कोणी चालवत नाही.

प्रत्येक नोंदीत तारीख, दुकान, पाकिटाचं वजन, किंमत आणि एकक भाव, म्हणजे किलोला, लिटरला किंवा नगाला किती पडले ते. शेवटचा रकाना सोडू नका, कारण दोन पाकिटांची तुलना फक्त त्याच्यावरच होते. ‘फॅमिली पॅक’ असं ठळक छापलेलं पाकीट किलोमागे महाग पडल्याची उदाहरणं हवी तेवढी सापडतील. दुसरी एक खोड म्हणजे किंमत तीच ठेवून वजन गुपचूप कमी करणं. पाकीट तसंच दिसतं, रंग तोच, आत मात्र ५०० ग्रॅमऐवजी ४५० ग्रॅम. डोळ्यांना ते कळत नाही, एकक भावाच्या रकान्यात लगेच दिसतं. याच उदाहरणात वस्तू ११ टक्क्यांहून अधिक महागलेली असते.

काही महिने नोंदी झाल्या की त्या वस्तूचा नेहमीचा भाव, सर्वांत खालचा भाव आणि तो खालचा भाव साधारण किती आठवड्यांनी परत येतो, या तीन गोष्टी आपोआप समोर येतात. सवलती बऱ्याचदा फिरून फिरून येतात, कारण दुकानांना आणि कंपन्यांना विक्री हलती ठेवायची असते. कुठल्या वस्तूचा फेरा किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. दुसऱ्याचं कोष्टक उचलण्यापेक्षा आपली वही बरी.

‘सेल’ लिहिलेल्या पाट्यांचं गणितही वहीच्या मागच्या पानावर एकदा मांडून ठेवा, म्हणजे दुकानात उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे नगामागे ३३ टक्के सूट. ‘दुसरा नग अर्ध्या किमतीत’ ऐकायला ५० टक्के वाटतं, असते २५ टक्के. ‘त्याच किमतीत २५ टक्के जास्त माल’ म्हणजे २० टक्के सूट. ‘२० टक्के आणि वर आणखी १० टक्के’ मिळून ३० होत नाहीत, २८ होतात, कारण दुसरी सूट उरलेल्या ८० वर लागते.

दुकानं काही मोजक्या वस्तू मुद्दाम तोट्यात विकतात, हेही माहीत असू द्या. त्या वस्तूसाठी तुम्ही आत याल आणि बाकीची पिशवी पुऱ्या भावाने भराल, हा हिशेब त्यामागे असतो. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. तोट्यातली वस्तू तेवढी उचलून बाहेर पडायला कोणाचीही बंदी नाही.

पायरी ४: किती घ्यायचं

भाव वहीतल्या तळाशी आलाय, आता किती उचलू? इथे लोक एक तर हात आखडता घेतात नाही तर ट्रॉली भरून आणतात. हिशेब साधा आहे. पुढची सवलत येईपर्यंतचे दिवस भागिले एक नग पुरण्याचे दिवस, त्यातून घरात असलेले नग वजा.

समजा, तुमच्याकडे तेलाची लिटरची बाटली १२ दिवस जाते आणि तेलावरची चांगली सवलत साधारण ८ आठवड्यांनी, म्हणजे ५६ दिवसांनी परत येते. ५६ भागिले १२ म्हणजे पावणेपाचच्या आसपास, धरा ५. घरात एक न उघडलेली बाटली आहे, म्हणून ४ घ्यायच्या. सवलत आठवडाभर लांबली तर अंगावर येऊ नये म्हणून वाटल्यास एक जास्त. दहा नकोत. तेल खवट होतं आणि तेवढेच पैसे दुसऱ्या वस्तूच्या सवलतीला कामी येतात.

या हिशेबावर दोन लगाम आहेत. आलेला आकडा पाकिटावरच्या तारखेच्या महिनाभर आधी संपण्याजोगा असला पाहिजे. आणि जागा. पलंगाखाली, दाराआड, कपड्यांच्या कपाटात सामान कोंबायची वेळ आली की तो साठा कोणाच्या लक्षातही राहत नाही. घरात कोणी न चाखलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी पहिल्यांदा एकच.

सुरुवातीला सगळ्या वस्तूंचा साठा एकदम करायच्या फंदात पडू नका. दर आठवड्याला जी एक-दोन सामानं तळाच्या भावाला असतील तेवढीच भरायची. हळूहळू असं होतं, की तुम्ही दुकानात जाता ते घरात संपलेलं आणायला नाही, तर स्वस्त झालेलं भरायला. तिथपर्यंत पोचायला काही महिने लागतात.

पायरी ५: आता कूपनं

कूपन कशासाठी जन्माला आलं ते पाहिलं की ते कसं वापरायचं हे उमगतं. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाच्या फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. हेतू हा, की ज्यांनी हे पेय कधी प्यायलं नाही त्यांनी एकदा चाखावं. आजही कूपनांचा मोठा भाग नव्या चवी, नवे प्रकार, जास्त नफ्याचे तयार पदार्थ यांच्यावरच असतो. मीठ, तांदूळ, डाळी यांच्यावर कूपन मिळणं विरळाच. म्हणून कूपन पाहून यादी करू नका. यादी करून मग तिच्यातल्या वस्तूंवर कूपन आहे का ते शोधा.

कूपनं मुख्यतः दोन घरची. काही कंपनीची असतात, ती बऱ्याच दुकानांत चालतात. काही दुकानाची, ती त्याच दुकानात. कुठे कुठे एकाच वस्तूवर दोन्ही लावू देतात, आणि वस्तू आधीच सवलतीत असेल तर तिहेरी फायदा होतो. सगळीकडे हे चालत नाही. नियम दुकानाच्या ॲपवर किंवा काउंटरवर लिहिलेला असतो, आधी वाचून जा. गर्दीच्या वेळी कॅशियरशी वाद घालण्यात कोणालाच मजा नाही.

ठरावीक रकमेच्या कूपनाची एक गंमत आहे. समजा, ३० ची सूट देणारं कूपन कोणत्याही आकाराच्या पाकिटावर चालतं. ५०० ग्रॅमचं पाकीट ९० ला आहे, २ किलोचं ३०० ला. कूपन नसताना किलोला अनुक्रमे १८० आणि १५० पडतात, म्हणजे मोठं पाकीट स्वस्त. कूपन लावल्यावर छोटं ६० ला येतं, किलोला १२०. मोठं २७० ला, किलोला १३५. पारडं फिरलं! रकमेत सूट असेल तर चालणाऱ्यांपैकी सर्वांत लहान पाकीट आधी तपासा. टक्क्यांत सूट असेल तर पाकिटांचा आपसातला क्रम बदलत नाही, पहिल्यापासून जे स्वस्त तेच घ्या.

दोन सवलती लावता येत असतील आणि क्रम तुमच्या हातात असेल, तर आधी टक्क्यांची लावा. २०० च्या बिलावर १० टक्के काढून मग २० वजा केले तर १६० होतात. आधी २० वजा करून मग १० टक्के काढले तर १६२. फरक किरकोळ आहे आणि बिल मोठं झालं तरी तेवढाच राहतो, पण कूपनाची रक्कम किंवा टक्के मोठे असतील तर जाणवतो.

‘५०० च्या खरेदीवर ५० सूट’ हा सर्वांत चलाख सापळा. यादीतलं सामान ३८० चं झालंय, मग ५० वाचवायला माणूस १२० चं काहीबाही टाकतो आणि ४५० देऊन बाहेर येतो. ते १२० चं सामान साठ्याच्या यादीतलं आणि तळाच्या भावाचं असेल तरच हा सौदा. नाही तर ७० जास्त गेले, एवढंच. कॅशबॅकचंही तसंच. १०० खर्चून २० वॉलेटमध्ये आले, म्हणजे १०० मध्ये १२० चं सामान मिळालं, आणि तेही पुन्हा तिथेच खरेदी केली तर. खरी सूट १७ टक्क्यांहूनही किंचित कमी.

ॲपमधली कूपनं बहुतेकदा बिल देण्याआधी ‘सुरू’ करावी लागतात, नुसती दिसून भागत नाही. रांगेत उभं राहण्याआधी यादीतल्या वस्तूंसमोरची बटणं दाबून ठेवा. कागदी कूपनं मुदतीच्या क्रमाने एका पाकिटात ठेवा, ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. कूपनावरचं बारीक अक्षर वाचताना कोणतं वजन, कोणता प्रकार, एका बिलात किती आणि मुदत कधीपर्यंत, एवढंच शोधायचं. आणि एका कूपनासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर येण्याजाण्याचा खर्च वजा करून पाहा. ऑनलाइन मागवत असाल तर घरपोच आणण्याचं शुल्क एकक भावात मिळवा, बरीच ‘स्वस्ताई’ तिथेच विरघळते.

कूपनाच्या बदल्यात दुकान तुमचा फोन नंबर आणि खरेदीची सवय दोन्ही नोंदवून ठेवतं. कोणाला हे चालतं, कोणाला नाही. मला वाटतं, त्यासाठी वेगळा ईमेल ठेवला आणि जाहिरातींच्या सूचना बंद केल्या की त्रास पुष्कळ कमी होतो. दर दोन तासांनी फोनवर ‘आज शेवटचा दिवस’ झळकत राहिला तर वही घेऊन बसलेला माणूसही डगमगतो.

पायरी ६: साठा टिकवायचा कसा

उष्णता, ओल, उजेड आणि हवा हे चार शत्रू. म्हणून शेगडीच्या वरची फळी दिसायला सोयीची असली तरी साठ्याला सर्वांत वाईट. तिथे रोजच्या वापराचे छोटे डबे ठेवा, मोठा साठा थंड आणि अंधाऱ्या जागी.

सगळ्या वस्तू सारख्या टिकत नाहीत. साखर आणि मीठ कोरडे राहिले तर खराब होत नाहीत, सादळून गठ्ठे झाले तर फोडून वापरता येतात. पांढरा तांदूळ हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं राहतो. हातसडीचा तांदूळ मात्र कोंड्यातल्या तेलामुळे खवट होतो, त्यामुळे बाहेर ठेवायचा तर सहा महिन्यांच्या आत संपवा. कोंड्यासकट दळलेल्या पिठाचं कारण तेच, मैदा त्याच्याहून जास्त टिकतो. सुकामेव्यातही तेल असतं, तो फ्रिजमध्ये बरा. मसाले अख्खे असतील तर वास धरून ठेवतात, दळले की उडतो. डाळी आणि कडधान्यं जुनी झाली की खायला धोका नसतो, पण शिजता शिजत नाहीत. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर मऊ पडतात.

पोरकिड्यांबद्दल जरा सविस्तर. धान्यात किडे दिसले की लोक डब्याला दोष देतात, पण बऱ्याचदा अंडी दुकानातूनच दाण्याच्या पोटात आलेली असतात आणि ऊब मिळाली की फुटतात. नवी पिशवी उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवली की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही. गार दाण्यांवर हवेतली ओल धरते आणि मग बुरशीला आमंत्रण. पिशवी बंदच ठेवून रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरून पुसा, मग कोरड्या हवाबंद डब्यात भरा. जुन्या धान्यावर नवं ओतू नका. जुन्यात एखादा किडा असला तर नवंही गेलंच.

डबाबंद पदार्थांचा डबा फुगला असेल, गळत असेल किंवा शिवणीवर खोल पोचा असेल तर न उघडता, न चाखता टाकून द्या. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष चवीला कळत नाही आणि त्याच्याशी खेळ नको. फ्रीझर उणे १८ वर राहिला तर आतलं अन्न सुरक्षित राहतं, पण चव आणि पोत हळूहळू उतरतो. पिशवीवर नाव आणि तारीख टाकायचा आळस केला की तीन महिन्यांनी तो गोठलेला गोळा नक्की कशाचा, यावर घरात चर्चासत्र होतं.

आणि मांडणी: नवं सामान मागे, जुनं पुढे. बाजारातून आल्यावर दमलेला माणूस नवं पुढेच ठोकतो, म्हणून पिशव्या रिकाम्या करायच्या आधी फळीवरचं जुनं पुढे ओढून घ्या.

पायरी ७: जेवण साठ्यातून ठरवा

‘आज काय खावंसं वाटतंय’ इथून सुरुवात केली तर एखादी वस्तू हमखास कमी पडते. ‘आज काय आहे’ इथून करा. आठवड्याचे बेत आखताना आधी ‘आधी हे संपवा’ टोपली, मग फ्रिज, मग कपाट आणि शेवटी बाजाराची यादी. दोन-तीन बेत असे ठेवा जे निव्वळ कपाटातल्या सामानावर होतात. कंटाळलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवण्याचा खर्च तेच टाळतात.

पायरी ८: हिशेब कशाचा करायचा

पावतीच्या तळाशी छापलेला ‘आज तुम्ही इतके वाचवले’ हा आकडा विसरा. तो पुऱ्या छापील किमतीवरून काढलेला असतो, आणि त्या किमतीला तुम्ही ती वस्तू कदाचित कधीच घेतली नसती. महिन्याला किराण्यावर एकूण किती गेले, एवढाच आकडा लिहा. साठा भरू लागल्यावर पहिले एक-दोन महिने तो चढूही शकतो, कारण पुढच्या महिन्यांचं सामान आत्ताच घेतलं जातं. म्हणून तुलना तीन-तीन महिन्यांची करा. आधीच्या तिमाहीत किती गेले, या तिमाहीत किती, आणि तिमाहीच्या सुरुवातीपेक्षा शेवटी कपाटात जास्तीचं अंदाजे किती किमतीचं सामान आहे. ही शेवटची रक्कम या तिमाहीच्या खर्चातून वजा करायची. त्याच वेळी फेकून दिलेल्या वस्तूंची नावं एका ओळीत लिहून ठेवा, आणि एकच नाव दोनदा आलं तर ती वस्तू साठ्याच्या यादीतून काढून टाका.